अंगावर काढलेलं दुखणं आणि अंगावरचं यंत्र

मलकापूरसारख्या तालुक्याच्या गावी फिजिओथेरपीचं काम म्हणजे मुख्यतः गुडघे आणि कंबर. साठी ओलांडलेल्या बायकांच्या केसपेपरवर तक्रार म्हणून या दोनच गोष्टी लिहिलेल्या असतात. पण व्यायाम शिकवताना उताणं झोपून पाय उचलायला सांगितलं की त्यांतल्या कितीतरी जणी थांबतात, पदर सावरतात आणि ‘जोर लावला की सुटते’ एवढंच म्हणतात. काय सुटते ते आपण विचारावं लागतं. विचारलं की एकेक गोष्ट बाहेर पडते. खोकलं, शिंकलं, हंडा उचलला की लघवी होते. अंग बाहेर येतं आणि ते बोटाने आत सारल्याशिवाय लघवी मोकळी होत नाही. जागा कोरडी पडून आग होते. कधीपासून, या प्रश्नाचं उत्तर वर्षांत क्वचितच मिळतं. ‘धाकट्याच्या बाळंतपणापासून’ असं मिळतं, आणि तो धाकटा आता चाळिशीचा असतो. म्हाताऱ्या बायकांच्या या झाकलेल्या दुखण्यासाठी घरच्या घरी वापरायची, शरीरात किंवा शरीरावर घालायची यंत्रं आता बाजारात आली आहेत. या कामात राहून त्यांच्याबद्दल माझं एक मत तयार झालं आहे, तेच इथे मांडते. ही यंत्रं फसवी नाहीत. पण आपल्याकडे त्यांची पाळी तपासणीच्या आणि शिकवणाऱ्या माणसाच्या नंतर येते. हा क्रम उलटा केला तर पैसे जातील आणि दुखणं होतं तिथेच राहील.

दुखण्याची घडण आधी समजून घेतली पाहिजे. ओटीपोटाच्या तळाशी, माकडहाडापासून पुढच्या हाडापर्यंत, झोळीसारखा ताणलेला स्नायूंचा पडदा असतो. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून आधार तोच देतो. बाळंतपणात तो ताणला जातो, कधी फाटतो. पुरेशी विश्रांती मिळाली आणि व्यायाम झाला तर बराचसा सावरतो. पण बाळंतीण महिन्या-दोन महिन्यांत रानात गेली तर त्याला ती संधीच मिळत नाही. आमच्या भागातली बाई कपाशी वेचते तेव्हा कमरेला बांधलेल्या ओटीत कापूस साठवत तासन्‌तास वाकून चालते आणि दिवस संपताना तेच गाठोडं डोक्यावर घेते. त्यात पाण्याचा हंडा, सरपणाची मोळी, चुलीच्या धुराने जडलेला जुना खोकला आणि बद्धकोष्ठ यांची भर पडते. प्रत्येक वेळी पोटातला दाब खाली त्याच पडद्यावर येतो. पुढे पंचेचाळीस-पन्नासच्या सुमारास पाळी जाते, शरीरातलं इस्ट्रोजेन घटतं, योनीचं आणि मूत्रमार्गाचं अस्तर पातळ व कोरडं होतं. तोवर कसाबसा धरून ठेवलेला तोल तिथे सुटतो.

यावर बाईने शोधलेला उपाय म्हणजे पाणी न पिणं. २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट लागतं, पंचाहत्तरीच्या पुढे तर प्रवास फुकट आहे. पण बुलढाण्याला किंवा शेगावला निघालेली म्हातारी मे महिन्याच्या उन्हातसुद्धा गाडीत बसण्याआधी दोन-दोन तास पाणी तोंडात घेत नाही. लघवी गढूळ होते, जळजळ होते, जंतुसंसर्ग होतो, मलावरोध वाढतो, शौचाला जोर लावावा लागतो आणि पडदा आणखी सैल होतो. लुगड्याच्या जुन्या धडप्याची घडी आत ठेवायची, ती धुऊन दुसऱ्या कपड्यांखाली सावलीत वाळवायची, म्हणजे कुणाच्या दृष्टीस पडणार नाही. ओलसर कापडाने मांड्या सोलवटतात त्या वेगळ्याच. रात्री अंधारात घाईने उठताना पाय घसरला तर खुब्याचं हाड मोडतं, आणि या वयात खुबा मोडला की पुष्कळदा बाईचं घराबाहेर पडणंच बंद होतं. म्हणून ‘वय झालं, आता असंच चालायचं’ हे वाक्य मला पटत नाही. वयाबरोबर हा त्रास वाढतो हे खरं आहे. त्यावर काही करता येत नाही, हे खरं नाही.

आता यंत्रांकडे वळू. ही कल्पना फोनपेक्षा बरीच जुनी आहे. लॉस एंजेलिसचे स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगल यांनी १९४८ साली या स्नायूंच्या व्यायामावरचा आपला निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा व्यायामाच्या जोडीला पेरिनिओमीटर नावाचं उपकरणही दिलं होतं. योनीत ठेवायचा रबरी भाग, त्याला नळी आणि नळीच्या टोकाला दाब दाखवणारी तबकडी. बाईने घरी दिवसातून तीनदा स्नायू आवळायचे आणि काटा किती हलतो ते बघायचं. आजच्या यंत्रांत तबकडीच्या जागी फोन आला आहे. ब्रिटनमधलं एल्वी ट्रेनर सुपारीपेक्षा थोडं मोठं, मऊ सिलिकोनचं असतं आणि आवळण्याचा जोर फोनच्या पडद्यावर उडणाऱ्या खुणेच्या रूपात दाखवतं. अमेरिकेतल्या लीवामध्ये हालचाल ओळखणारे सेन्सर आहेत, त्यामुळे उभ्याने व्यायाम करतानाही आतला भाग उचलला जातो का ते कळतं. जपानमधलं डी-फ्री ओटीपोटावर बाहेरून लावतात. मूत्राशय किती भरलं ते ध्वनिलहरींनी ओळखून ते वेळेआधी सूचना देतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची शुश्रूषा करणाऱ्याला त्याचा उपयोग उघड आहे. या वस्तूंची चेष्टा करण्यात मला रस नाही. न दिसणाऱ्या स्नायूची हालचाल बाईला स्वतःला दिसावी, हा त्यांमागचा विचार योग्यच आहे.

प्रश्न आहे तो या दिसण्याने किती फरक पडतो याचा, आणि त्यावर चांगला पुरावा उपलब्ध आहे. स्कॉटलंड आणि इंग्लंडमधल्या २३ केंद्रांत ६०० स्त्रियांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष २०२०मध्ये ‘बीएमजे’ या नियतकालिकात आला. दोन्ही गटांना प्रशिक्षित थेरपिस्टने समोरासमोर व्यायाम शिकवला. एका गटाला त्याशिवाय स्नायूंची हालचाल दाखवणारं यंत्र दवाखान्यात आणि घरी वापरायला दिलं. दोन वर्षांनी लघवी सुटण्याच्या त्रासात दोन गटांत फरक आढळला नाही. उलट अमेरिकेत २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३६३ स्त्रिया घेतलेल्या चाचणीत लीवा वापरणाऱ्या गटाला आठ आठवड्यांनी अधिक गुण आला. तिथल्या दुसऱ्या गटाकडे मात्र माणूस नव्हता. लेखी आणि चित्रफितीतल्या सूचना वाचून-पाहून त्या स्त्रिया घरी व्यायाम करत होत्या. वरवर पाहता हे दोन निष्कर्ष एकमेकांना छेद देतात. शेजारी ठेवून वाचले की त्यांतून एकच गोष्ट निघते. शिकवणारं माणूस असेल तर यंत्राने वेगळी भर पडत नाही. माणूस नसेल तर यंत्र त्याची जागा काही अंशी भरून काढतं.

इथे वाचक मला अडवेल, आणि ते रास्तच आहे. मलकापूर तालुक्यात हे व्यायाम शिकवणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मग माझ्याच पुराव्यावरून यंत्र इथेच सर्वांत जास्त उपयोगी ठरायला नको का? उत्तर असं की अमेरिकेतल्या त्या स्त्रियांची निवड आधीच झालेली होती. त्यांना नेमका कोणता त्रास आहे हे ठरलेलं होतं, तो व्यायामाने सुधारण्याजोगा होता, आणि प्रत्येकीकडे स्वतःचा फोन होता. आमच्याकडे येणारी बाई तपासणीच्या अलीकडेच थांबलेली असते. ‘लघवी सुटते’ या एका तक्रारीमागे सैल पडदा असेल, अतिसंवेदनशील मूत्राशय असेल, जंतुसंसर्ग असेल, वाढलेली साखर असेल, किंवा खाली उतरलेल्या गर्भपिशवीने मार्ग दुमडल्यामुळे तुंबून उतू जाणारी लघवीही असेल. यांतल्या काहींवर आवळण्याचा व्यायाम हा उपाय आहे, काहींवर नाही. पाळी जाऊन वर्षं झाल्यावर अंगावरून लाल जात असेल तर त्या बाईला सगळ्यांत आधी कर्करोगाच्या तपासणीला पाठवायला हवं. तिथे फोनवर गुण मिळवत बसण्यात गेलेले तीन महिने जिवावर बेततील. आणि व्यायामच करायचा असला तरी तो बरोबर होतो आहे का, हे कुणीतरी एकदा बघावं लागतं. १९९१च्या एका अमेरिकी अभ्यासात ४७ स्त्रियांना थोडक्यात तोंडी सूचना देऊन लगेच मोजमाप घेतलं. जेमतेम निम्म्यांना व्यायाम नीट जमला. पाव स्त्रिया वर उचलण्याऐवजी खाली जोर देत होत्या, म्हणजे त्रास वाढेल अशीच कृती करत होत्या. हे ओळखायला हातमोजा घातलेलं एक बोट पुरतं. ० ते ५ अशी जोर मोजण्याची पद्धत फिजिओथेरपीत रुळलेली आहे, आणि तिला चार्जर लागत नाही.

तपासणीची ही उणीव काही आजची नाही. महाराष्ट्रात ती सर्वांत स्पष्टपणे दाखवून दिली ती राणी आणि अभय बंग यांनी. गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत त्यांनी केलेल्या पाहणीचा निबंध जानेवारी १९८९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. ६५० स्त्रिया तपासल्या. ९२ टक्क्यांना स्त्रीरोगांपैकी किमान एक तरी होता, सरासरी काढली तर एकीला ३.६ रोग. या आकड्यांची चर्चा जगभर झाली. मला मात्र त्यातला तिसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. त्याआधी आयुष्यात एकदा तरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. रोग आणि उपचार यांच्यामधली दरी तपासणीपाशीच पडलेली होती. त्यानंतर बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली, लसीकरण वाढलं, आशाताई घरोघरी पोहोचल्या. पण ही सगळी व्यवस्था बाईच्या मूल होण्याच्या वयाभोवती उभी राहिली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांना प्रश्न विचारते. २०१८मधली राज्याची अस्मिता योजना सॅनिटरी पॅडसाठी होती. पाळी गेली की बाई या याद्यांमधून जवळजवळ गळूनच जाते, आणि नेमक्या त्याच वेळी तिचं हे दुखणं वाढायला लागतं.

यंत्राच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा लाजेचा आहे. बाई तपासायला तयारच नसेल तर तिला एकांतात वापरता येईल असं काही द्यावं, हा युक्तिवाद सहज बाजूला सारण्यासारखा नाही. पण त्यात घर म्हणजे एकांत असं गृहीत धरलेलं आहे. दोन खोल्यांत मुलगा, सून, नातवंडं असताना म्हातारीने हे यंत्र कुठे बसून वापरायचं, कुठे धुवायचं, कुठे वाळवायचं आणि भिंतीवरच्या एकाच प्लगमध्ये सगळ्यांच्या देखत चार्जिंगला कसं लावायचं? जी बाई कापडाची घडी लपवून वाळवते, तिच्यावर आपण लपवण्याची आणखी एक वस्तू लादतो. फोनचंही तसंच. त्याच राष्ट्रीय पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्क्यांकडेच स्वतः वापरायचा मोबाइल होता आणि इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या साधारण एक तृतीयांश. त्यापुढच्या वयाचं चित्र याहून बरं असेल असं मानायला काही आधार नाही. म्हणजे ॲप उघडून देणार नातू. ज्या गोष्टीचा उच्चार सुनेसमोर होत नाही, तिचे गुण नातवाच्या फोनवर उमटणार. शिवाय ही माहिती पुढे कंपनीकडे जाते, आणि ती तिथे कशी वापरली जाईल याची खात्री नसते. फोनला जोडलेल्या एका लैंगिक उपकरणाने वापरणाऱ्यांच्या नकळत माहिती गोळा केल्यावरून झालेला दावा उत्तर अमेरिकेत २०१७ साली काही दशलक्ष डॉलर मोजून मिटवावा लागला होता. आपल्याकडे व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३मध्ये झाला, पण ‘मी सहमत आहे’ या इंग्रजी चौकटीवर घरातल्या दुसऱ्याच कुणाचा अंगठा पडणार असेल, तर त्या सहमतीला फारसा अर्थ उरत नाही. लाज कमी होते की नाही, हे विचारणारं माणूस कोण आहे आणि कसं विचारतं यावर ठरतं. गुडघ्याच्या चौकशीबरोबर, त्याच सुरात, बाईनेच बाईला लघवीबद्दल विचारलं की बहुतेक जणी बोलतात. गडचिरोलीच्या त्या ६५० जणीही तपासायला तयार झाल्याच होत्या, आणि त्या काही वेगळ्या मातीच्या नव्हत्या.

शरीरात घालून घरी वावरायच्या वस्तूचा विचार करायचा, तर यंत्रांच्या या गर्दीत सर्वांत जुनी आणि स्वस्त वस्तू विसरली जाते. ती म्हणजे रिंग, डॉक्टरांच्या भाषेत पेसरी. खाली उतरलेल्या अवयवांना आतून टेकू देण्याची कल्पना प्राचीन आहे. ग्रीक वैद्य त्यासाठी अर्धं डाळिंब वापरत, आणि आयुर्वेदात २० योनिव्यापदांच्या उपचारांत औषधी तेलाचा पिचू येतो. आजची रिंग सिलिकोनची किंवा पीव्हीसीची, गोल, दुमडली तर बोटांत मावणारी. माप बोटांनी घेतात. बसवण्याआधी ती थोडी कोमट करून मऊ करायची, टोकाला क्रीम लावायचं, दुमडून आत सरकवायची आणि आत ती आपोआप उघडली की किंचित फिरवायची. एवढ्यावर काम संपत नाही. बाईने उठून चालायचं, उकिडवं बसायचं, जोराने खोकायचं, लघवीला जाऊन यायचं. रिंग निसटली तर माप लहान पडलं, टोचली किंवा लघवी अडली तर मोठं झालं. बरोबर बसली असेल तर बाईला ती आत असल्याचं जाणवतही नाही. पुढे ती स्वतः काढून साबण-पाण्याने धुऊन पुन्हा बसवायला शिकवता येतं. सांधेदुखीने बोटं वळत नसतील तर रिंगला दोरा बांधून देतात, तो ओढला की ती बाहेर येते. कोरड्या पडलेल्या अस्तरासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने इस्ट्रोजेनचं क्रीम जोडीला असतंच. हे सगळं काही शे रुपयांत होतं. ब्रिटनमध्ये एल्वीची किंमत दीडशे पौंडांच्या आसपास राहिली आहे. श्रावणबाळ योजनेत महिन्याला १५०० रुपये मिळवणाऱ्या बाईची ती जवळजवळ वर्षाची मिळकत झाली.

रिंगवर डॉक्टरांचा एक जुना आक्षेप आहे आणि तो पोकळ नाही. रिंग बसवून घेतलेली बाई पुन्हा फिरकत नाही, वर्षानुवर्षं ती आतच राहते, मांसात रुतते, जखम होते, क्वचित मूत्राशयाला किंवा गुदाशयाला छिद्र पडतं. असं होतं खरं. पण दोष रिंगचा कमी आणि बसवून मोकळं होण्याचा जास्त. ब्रिटनमधल्या ३४० स्त्रियांच्या चाचणीचा निष्कर्ष २०२३मध्ये आला. एका गटाची रिंग दवाखान्यातच काढून-बसवून दिली जात होती. दुसऱ्या गटाला अर्ध्या तासात स्वतः काढायला-घालायला शिकवलं, माहितीपत्रक दिलं, दोन आठवड्यांनी फोन केला आणि अडचण आली तर विचारायला एक नंबर दिला. दीड वर्षाने जीवनमानात फरक नव्हता, आणि स्वतः काळजी घेणाऱ्यांत गुंतागुंती कमी होत्या. घरी बसून काळजी घेण्याचा जो वायदा नवी यंत्रं करतात, तो इथे रिंग, अर्धा तास शिकवणं आणि एक फोन यांवर पुरा झाला. एका अटीवर, की बाईला तिच्या स्वतःच्या शरीराची ओळख कुणीतरी करून दिलेली हवी.

दुसरा आक्षेप असा, की टेकू कशाला, शस्त्रक्रिया करून एकदाचं मोकळं व्हावं. अंग बाहेर येण्यावरच्या शस्त्रक्रियांत महाराष्ट्राचं देणं मोठं आहे, मुंबईच्या वि. ना. शिरोडकरांची आणि पुरंदरे यांची नावं त्या पद्धतींना जगभर चिकटली आहेत. तरुण बाईची पिशवी न काढता तिला पुन्हा आधार देणं हा त्या पद्धतींचा उद्देश होता, हेही ध्यानात ठेवण्यासारखं आहे. पुष्कळ जणींना शस्त्रक्रिया लागतेच आणि तेव्हा ती टाळू नये. पण सत्तरीची, रक्तदाबाची, साखरेची बाई, भूल देण्यातली जोखीम, पुढचे दोन-तीन महिने वजन न उचलण्याचं पथ्य आणि घरात हातावरचं पोट, हा हिशेब प्रत्येक घरात जमत नाही. पिशवी काढली म्हणजे पडद्याचा सैलपणा जातो असंही नाही. काहींना पुढे योनीचा वरचा भागच खाली येतो. आणि मधला उपाय नसला की काय होतं ते बीडने दाखवलं. २०१९मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. त्या बायका वयाने लहान होत्या, कारणंही अधिक गुंतागुंतीची होती. तरी एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. सोसणं आणि कापून टाकणं यांच्या मध्ये जी जागा असायला हवी, ती रिकामी आहे. व्यायाम, रिंग आणि क्रीम त्याच जागेसाठी आहेत.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे: हे करणार कोण? मला वाटतं, उत्तर आपल्या आरोग्ययंत्रणेतच पडून आहे. उपकेंद्रातल्या आरोग्यसेविका अनेक दशकं तांबी बसवत आल्या आहेत. म्हणजे आतून तपासणं, स्वच्छता पाळणं, मापाचा आणि जागेचा अंदाज घेणं, बाईला धीर देणं या गोष्टी त्यांच्या हाताला नव्या नाहीत. तोच हात साध्या रिंगचं माप घ्यायला आणि आवळण्याचा जोर ओळखायला थोड्या प्रशिक्षणाने तयार होईल. संशय वाटेल ती बाई मलकापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात, तिथून गरज पडली तर बुलढाण्याच्या स्त्री रुग्णालयात किंवा अकोल्याला पाठवता येईल. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा, आजारांची जोखीम तपासणारा सीबॅक फॉर्म भरतात. त्यात बाईला स्तनातली गाठ, पाळी गेल्यावरचा रक्तस्राव, दुर्गंधी येणारा स्राव यांबद्दल विचारतात, आणि ते योग्यच आहे. त्याच पानावर आणखी दोन प्रश्न हवेत: खोकताना लघवी सुटते का, आणि अंग बाहेर आल्यासारखं वाटतं का. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७च्या मार्गदर्शनात वृद्ध स्त्रियांच्या लघवी सुटण्यावर याच स्नायूंच्या व्यायामाची शिफारस केलेली आहे, त्यामुळे यात नवं धाडस काही नाही. प्रश्न वाढवले तर रुग्ण वाढतील आणि ते कुठे बसवणार, असंही कुणी म्हणेल. रुग्ण आजही आहेतच. ते गुडघ्याच्या रांगेत उभे आहेत, इतकंच.

मग यंत्रांना जागाच नाही का? आहे. पुण्यात, न्यू जर्सीत राहणारी मुलं आईला मनगटावरचं घड्याळ पाठवतात तसं उद्या हेही पाठवतील. ती आई तपासून घेतलेली, फोन वापरणारी, स्वतःची खोली असलेली असेल तर खुशाल वापरावं. अंथरुणावरच्या बाईची सून रात्री चारदा उठत असेल, तर मूत्राशय भरल्याची सूचना देणारा पट्टा दोघींनाही झोप देईल. व्यायाम शिकून घरी गेलेल्या बाईला तीन महिने नेटाने चालू ठेवणं कठीण जातं, तिथे रोजची आठवण करून देणारं साधं साधन कामाचं आहे. मात्र ते मराठीत बोलणारं असावं, खातं उघडायला न लावणारं, माहिती बाहेर न पाठवणारं, साबणाने धुता येणारं असावं. आणि ‘पुन्हा तारुण्य’ असल्या जाहिरातींपासून दूर राहावं. योनीवर लेझर वगैरे वापरून असे वायदे करणाऱ्या उपकरणांबद्दल अमेरिकेच्या एफडीएने २०१८ साली इशारा दिलेला आहे. माझा विरोध यंत्राला नाही, क्रम मोडण्याला आहे. आधी प्रश्न, मग तपासणी, मग शिकवणं, मग रिंग किंवा क्रीम, आणि यांतलं काही पुढे चालू ठेवायला मदत लागली तर यंत्र. परदेशातून येणाऱ्या यंत्रासाठी मलकापूरची बाई थांबू शकेल, तिला थांबायची सवयच आहे. आशाताईच्या फॉर्मवरच्या त्या दोन प्रश्नांसाठी मात्र तिला थांबवायला आपल्याकडे एकही सबळ कारण नाही.